दोन्हीकडून उघडा कोनाडा

शाइस्ताला बार्शीला जायचं होतं. चांगलं आठ दिवस राहायला जायचं होतं. लग्नानंतर माहेरी गेलीच नव्हती असं नाही, पण ती जाऊन चहा पिते न पिते तोवर सोलापूरहून फोन यायचा, "अगं, ते पत्रिकेचं मशीन उघडत नाहीये," आणि बाईसाहेब दुसऱ्या एसटीनं साखर पेठेत परत. आता मात्र धाकट्या बहिणीची, इफ्राची, मंगनी म्हणजे साखरपुडा ठरला होता. मंगनी काय रोज होते का?

"जा की," तिचा नवरा शाकीर म्हणाला. "मी कधी नको म्हणलो? फक्त ते मशीन कुणाला तरी शिकवून जा."

"तुम्हालाच शिकवते."

शाकीरनं हात जोडले. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं 'नूर लग्नपत्रिका' हे दुकान होतं. कागद नुसता चिमटीत धरून तो जाडी सांगायचा, शाईच्या वासावरून रंग ओळखायचा. पण संगणकाशी त्याचं जन्माचं वाकडं. एकदा त्यानं कुठलंसं बटण दाबलं आणि अख्खा पडदा आडवा झाला. तर कुणाला विचारायला नको म्हणून या माणसानं मान खांद्यावर टाकून पत्रिका वाचल्या होत्या. मानेला मलम लावायला शाइस्ताच होती.

"मग राहिलं कोण?" तिनं विचारलं.

शाकीरनं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथं त्याची आई, चांदबी, नातवाला तेल लावत बसली होती.

"अम्मी?"

"तू लिहून दे. अम्मीनं ते वाचून, तुला एक शब्द न विचारता, एक पत्रिका करून दाखवली की तुझं बार्शीचं तिकीट मी स्वतः काढतो. नाही जमलं तर मंगनीच्या दिवशी सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं."

आता त्या मशीनची गोष्ट सांगायला हवी. पत्रिका जुळवायचा त्यांचा प्रोग्राम होता आदमच्या काळातला. तो फक्त जुन्या संगणकावरच चालायचा आणि जुना संगणक तर एका दुपारी धूर काढून अल्लाघरी गेला. तेव्हा पुण्यात नोकरी करणारा दीर, बिलाल, आला आणि त्यानं नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक बसवून दिला. खरा नव्हे, भासाचा. पण तो आतला स्वतःला अगदी खरा समजायचा. अडचण एवढीच, की पोटातल्याला बाहेरचं काही दिसायचं नाही. बाहेर ठेवलेली चित्रं आत मिळायची नाहीत, आत झालेली पत्रिका बाहेर छापायला यायची नाही. म्हणून बिलालनं आणखी एक छोटं साधन टाकलं. त्या साधनानं बाहेरच्या संगणकातला एक फोल्डर आतल्याला दाखवायचा, वापरू द्यायचा. आणि जाताना सांगून गेला, "वहिनी, सोप्पंय. बाहेरचा फोल्डर आत माउंट होतो, बास."

त्या 'बास'चा अर्थ लावता लावता शाइस्ताचा अख्खा हिवाळा गेला होता. आता तोच अर्थ तिला अम्मीच्या गळी उतरवायचा होता.

ती लिहायला बसायची मालक झोपले की. मालक म्हणजे तिचं दहा महिन्यांचं पोर. त्याचं नाव आजोबांवरून चांदसाब ठेवलेलं. पण नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं कसं, म्हणून चांदबी नातवाला मालकच म्हणायची. "मालक उठले", "मालकांनी दुपटं बदलायला सांगितलंय", असा घरात सगळा कारभार. मालकांची झोप चिमणीएवढी. शाइस्ता त्यांच्या पाठीवर एक हात थोपटत ठेवायची आणि दुसऱ्या हातानं लिहायची. कागद म्हणून दुकानातल्या वाया गेलेल्या पत्रिका. पुढं कुणाचं तरी मंगलकार्य, मागं कोरी बाजू. एका पत्रिकेच्या पाठीवर एक पायरी.

पहिली पाठ अशी झाली : 'यजमान संगणकावरील फोल्डर भासमान संगणकास उपलब्ध करून देण्यासाठी हे साधन आहे.'

चांदबीनं ती चष्मा लावून वाचली, मग उलटी करून पुढची बाजूही वाचली आणि म्हणाली, "मुलाकडचे कोण आहेत?"

शाइस्तानं ती फाडली. दुसऱ्या पाठीवर लिहिलं, फोल्डर म्हणजे दोन खोल्यांमधली खिडकी. चांदबी म्हणाली, "खिडकीला गज असतात, बेटी. बघता येतं, ताट कसं सरकवणार?" तिसऱ्या पाठीवर लिहिलं, दोन किल्ल्यांची पेटी. चांदबी म्हणाली, "दोन किल्ल्या म्हणजे भांडणं. माझ्या सासूची आणि माझी त्यावरूनच झाली."

शाइस्ता उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि तिथं भिंतीकडे बघत उभीच राहिली. त्यांच्या आणि शेजारच्या विजयमालाकाकूंच्या स्वयंपाकघरात एकच भिंत. तिच्यात एक कोनाडा होता, दोन्हीकडून उघडा. मधली वीट कधी काळी पडली, ती कुणी लावली नाही. ईदला शीरखुर्म्याची वाटी तिथून तिकडे जायची, सणाला पुरणपोळीचं ताट तिकडून इकडे. चिंच, विरजण, गरम पाण्याची पिशवी, सगळा व्यवहार त्या भोकातून.

ती धावतच परत आली. लिहिलं : 'हा फोल्डर म्हणजे आपला आणि विजयमालाकाकूंचा कोनाडा. बाहेरचं मशीन म्हणजे आपण, आतलं मशीन म्हणजे काकू. इकडून ठेवलेलं तिकडून दिसतं. तिकडून उचललं की इकडूनही गेलं. वस्तू दोन नाहीत, एकच आहे.'

चांदबीनं वाचलं. परत वाचलं. "असं होय!" ती म्हणाली. "मग हे आधी सांगायचं की. नुसतं माउंट माउंट करत होतीस."

शाइस्तानं मालकांच्या तळपायाचा असा मुका घेतला की मालक उठलेच.

पुढच्या पायऱ्या भराभर झाल्या. नवी पत्रिका घेण्याआधी कोनाडा रिकामा करा, मागच्या लग्नाचं काही राहू देऊ नका. मग या लग्नाचं देवाचं चित्र कोनाड्यात ठेवा. आतलं मशीन चालू करा. पत्रिकेचा प्रोग्राम उघडा. कोनाड्यात जी चित्रं असतील ती तो आपणहून उचलून मोकळ्या जागी बसवतो. नावं, तारीख, ठिकाण लिहा, नमुना सोबत आहे. झालेली पत्रिका कोनाड्यात ठेवा. शाकीर बाहेरून उचलेल आणि छापेल, तेवढं त्याला जमतं.

परीक्षेला पत्रिका मिळाली ती मायाप्पांच्या सोनालीची. मायाप्पा मंद्रूपच्या पुढच्या एका वाडीतले, मेंढरांचा मोठा खांड बाळगून असलेले. शाकीरनं नियम सांगितले. शाइस्तानं दुकानात पाय ठेवायचा नाही, आतून सांगायचं नाही.

पडद्याआड शाइस्ता मालकांना मांडीवर घेऊन बसली. बाहेरून चांदबीचा आवाज येत होता, "कोनाडा रिकामा केला..." मग बराच वेळ काहीच नाही. मग एक समाधानाचा हुंकार. मग, "आता देव ठेवला."

शाइस्तानं घसा साफ केला.

"खोकला चालणार नाही!" बाहेरून शाकीर ओरडला.

जेवणवेळेपर्यंत छपाईचं यंत्र धडधडायला लागलं. शाइस्तानं माळ्यावरून बॅग काढली. मालकांची झबली, इफ्रासाठी घेतलेल्या बांगड्या, सगळं भरून वर दोनदा बसून चेन लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायाप्पा आणि त्यांची बायको तानाबाई गठ्ठे न्यायला आले. शाइस्ता चहा घेऊन बाहेर आली, कारण आता परीक्षा संपली होती. मायाप्पांनी वरची पत्रिका उचलली आणि लांब धरली.

"बिरोबाचा फोटू झ्याक आलाय," ते म्हणाले. "नावं बराबर. मामा बराबर." बोट खाली खाली आलं. पत्रिकेच्या तळाशी, जिथं पोराटोरांची नावं घालून 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' असं लिहितात, तिथं ते थांबलं. "आन् ह्यो कोण?"

शेजारच्या मोकळ्या जागेत, गोल चौकटीत, बोळक्या तोंडानं हसत, हनुवटीवर वरणभात घेऊन मालक बसले होते.

शाकीरचा चेहरा कागदासारखा झाला. "ते... ते डिझाईन आहे."

"डिझाईनला शेंबूड आलाय," मायाप्पा म्हणाले.

तानाबाईनं पत्रिका ओढून घेतली आणि मटकन स्टुलावर बसली. "अय्यो! आता म्या वाडीत त्वांड कसं दावू? थोरल्या सुनंची दोन, मधलीची तीन, धाकटीचं एक. येकाचाबी फोटू न्हाय, आन् ह्यो नवाच कोण ऱ्हायलाय मधी!"

"काकू, लोक काय एवढं बघत नाहीत," शाकीर म्हणाला.

"बघत न्हाईत? आमच्यात पत्रिका आली की आदी खालनंच वाचत्यात! आन् थोरला आमचा दर बाजाराला सोलापूरला येतोय, शेरडं इकायला म्हणून. सून म्हणंल, आता कळलं कशापायी येतो त्ये!"

"तसा थोरल्यावानीच दिसतोय म्हणा नाकात," मायाप्पा पत्रिका डोळ्यांजवळ नेत म्हणाले.

"तुमी गप बसा वो!"

शाकीरनं हाक मारली, "अम्मी!" चांदबी मालकांना कडेवर घेऊनच आली. आता तर चित्र आणि चित्रातला, दोन्ही समोर. तानाबाईनं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"अम्मी, हा फोटो कोनाड्यात कुणी ठेवला?"

"मी," चांदबी म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? हिनं लिहिलं, कोनाडा रिकामा करा. केला. आता रिकामा कोनाडा तसाच ठेवतात का कुठं? विजयमालाकडून ताट आलं तर मी रिकामं परत दिलंय कधी? काही नाही तर चिमूटभर साखर ठेवतेच की. ते आतलं मशीन, इतकं जुनं, म्हातारं. त्यानं बिचाऱ्यानं उघडून बघावं आणि आत काहीच नसावं? म्हणून मालकांचा फोटो ठेवला. शुभ असतो."

"आणि पत्रिकेत जाऊन बसला तेव्हा तरी..."

"मला वाटलं, मशीनला आवडला."

मायाप्पांनी मान हलवली. "ह्ये बी खरं हाय," ते म्हणाले. ताट रिकामं परत देऊ नये, हे त्यांना पटलेलं दिसलं.

शाकीर शाइस्ताकडे वळला. "बघितलंस? मी म्हणत होतो. कसली बार्शी आणि कसलं काय. सकाळी जा, संध्याकाळी ये."

इफ्रा रोज फोनवर विचारत होती, ताई, मेंदी काढायला तूच आहेस ना? पण तिनं त्या पाठींकडे बघितलं आणि तिला हसूही आलं. अम्मीनं लिहिलेलं सगळं केलं होतं. न लिहिलेलं पण केलं होतं, कारण कोनाडा म्हटलं की कोनाड्याची रीत आलीच. भिंतीला रीत असते, फोल्डरला नसते, हे सांगायचं कुणी?

"चूक अम्मींची नाही," ती म्हणाली. "माझ्या लिहिण्याची आहे. थांबा."

वाया गेलेल्या पत्रिकांना आता तोटा नव्हता. तिनं एक उचलली आणि पाठीवर लिहिलं : 'हा कोनाडा रिकामा राहिला तरी चालतो. आतल्या मशीनला वाईट वाटत नाही. त्याचा पाहुणचार करू नये.'

चांदबीनं वाचलं. "वाईट वाटत नाही हे तुला काय माहीत?"

"बिलालला विचारा."

लावला बिलालला फोन. पुण्यात त्यानं हळूच उचलला.

"बिलाल," चांदबी म्हणाली, "आतल्या मशीनला वाईट वाटतं का?"

पलीकडून कुजबुज आली, "नाही, अम्मी."

"शपथ घे."

"अम्मी, मी मीटिंगमध्ये आहे."

"मग सगळ्यांसमोर घे."

मागे कुणीतरी हसलं. बिलालनं शपथ घेतली. चांदबीचं समाधान झालं, पण तोंडावरून तरी ती मशीनबद्दल थोडी नाराजच वाटली.

"आता आमचं बगा," मायाप्पा म्हणाले. "पत्रिका नव्यानं करा. आन् फोटूच घालायचं तर आमच्या साऱ्या नातवंडांचं घाला. म्हंजी भांडण न्हाय. पर आत्ताच. दुपारची गाडी गाठायची हाय."

"आत्ता करतो," शाकीर म्हणाला. "शाइस्ता, बस. तुझ्या हातानं चुटकीसरशी होईल."

तेही खरंच होतं. तिच्या हातानं चहा गार व्हायच्या आत झालं असतं. शाइस्तानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच थांबली. एकदा बसली की झालंच. मग अम्मीला जमत नाही हे ठरलं, आणि पुढल्या प्रत्येक मंगनीला, बारशाला, ईदला ती त्याच खुर्चीत.

"का गं, थांबलीस का?" तानाबाईनं विचारलं.

शाइस्तानं सांगितलं. इफ्राची मंगनी, आठ दिवस, अट, सगळं. बोलता बोलता तिचा आवाज चिरकला, म्हणून तिनं मालकांचं नाक पुसायला घेतलं.

तानाबाईनं पदर खोचला. "मंग म्हातारीच करंल. कर गं आक्का. गाडी गेली तर संध्याकाळची हाय. आमी बसतो हितंच."

चांदबी संगणकासमोर बसली. घाईत जवळचं वाचायचा चष्मा आतच राहिला होता, म्हणून पाठी वाचायचं काम मायाप्पांनी घेतलं. शाळेतल्या मास्तरासारखे ते उभे राहिले.

"'कोनाडा रिकामा करा.' करा, आक्का."

"केला."

"'हा कोनाडा रिकामा राहिला तरी चालतो.' ऱ्हाऊ द्या."

चांदबीचा हात माउसवर थबकला. सगळं दुकान त्या हाताकडे बघत होतं. "या अल्ला," ती पुटपुटली, "किती ओकंबोकं दिसतंय."

"लईच भुंडं हाय वो," तानाबाई पडद्यात डोकावून हळहळली. "येकांदी सुपारी तरी..."

"नको!" शाकीर आणि शाइस्ता एकदम ओरडले. मालक दचकून रडायला लागले.

"'पाहुणचार करू नये,'" मायाप्पांनी दमात वाचलं, आणि बाईमाणसं गप्प झाली.

मग बिरोबा आत गेला. मग मायाप्पांच्या फोनमधून नातवंडं निघाली. एक रडत होतं, एकाच्या तोंडावर कोकराचा कान आला होता, एकाचं नुसतं डोकं होतं. पण तानाबाईनं मोजून घेतली आणि पुरी भरली. चांदबीनं आतलं मशीन चालू केलं, प्रोग्राम उघडला. पोरं आपणहून टणाटण उड्या मारून तळाच्या ओळीशेजारी रांगेत बसली.

"आली की समदी!" तानाबाईनं टाळ्या वाजवल्या. "कुणी बोलावली?"

"कोनाड्यातून उचलतं ते," चांदबी ऐटीत म्हणाली. "माउंट झालेलं असतं."

झालेली पत्रिका तिनं परत कोनाड्यात ठेवली. शाकीरनं ती बाहेरून उचलली आणि तळापासून वरपर्यंत, दोनदा वाचली. काही सापडलं नाही. त्यानं मान खाजवली.

"जमलं म्हणायचं. पण समजा, मध्येच लाईट गेली तर?"

"लाईट गेली तर तुमची बायकू काय खांबावर चढणार हाय व्हय?" मायाप्पा म्हणाले. "जाऊ द्या की तिला."

"आणि समजा..."

"शाकीर," चांदबी वळूनही न बघता म्हणाली, "तिकीट काढ."

गठ्ठे रिक्षात चढवताना तानाबाईनं शाइस्ताला बाजूला घेतलं. "त्या पयल्या पत्रिका जाळून टाक, बाई," ती कुजबुजली. "थोरलीच्या हाताला लागली तर माझा थोरला हकनाक मरंल."

बार्शीच्या एसटीत शाइस्ताला खिडकीची जागा मिळाली. चांदबी स्टँडवर आली होती, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी घेऊन. मालकांच्या कानामागे तीट लावून ती म्हणाली, "आठ काय, पंधरा दिवस राहा. इथं काही अडत नाही." शाइस्ता हसली खरी, पण गाडी निघाल्यावर तिला ते वाक्य थोडं टोचत राहिलं. इतकं नीट लिहायला नको होतं की काय!

वाटेतलं वैराग आलं तरी घरून फोन नाही. तिनं मालकांना झोपवलं, भाकरीचा तुकडा मोडला, फोन दोनदा उघडून बघितला. रेंज होती. अडतच नव्हतं कुणाचं.

वैराग मागं पडलं आणि फोन वाजला. चांदबीकडून एक चित्र आलं होतं. शाइस्तानं ते मोठं केलं. पत्रिका होती. वर चंद्रकोर, कडेनं गुलाबी वेल, आणि मध्ये मोठ्या अक्षरात इफ्राचं नाव. कुणी न सांगता, कुणाला न विचारता, म्हातारीनं एकटीनं बसून मंगनीची पत्रिका केली होती. नवऱ्या मुलाचं नाव बरोबर. त्याच्या वडिलांचं बरोबर. शाइस्ताच्या अब्बांच्या नावापुढं 'हाजी' सुद्धा विसरली नव्हती. तारीख बरोबर. आणि खाली, शाइस्तानं नमुन्यासाठी जशी लिहून दिली होती तशीच्या तशी ओळ :

'ठिकाण : इथे ठिकाण लिहावे.'

शाइस्तानं तोंडावर ओढणी धरली, नाहीतर मालक उठले असते. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते सगळं हसण्याचंच होतं असंही नाही. चूक सांगायला तिनं अम्मीचा नंबर काढला. अंगठा बटणावर नेला. मग तिला दिसलं, अम्मी फोन घेणार, शाकीर शेजारी उभा असणार, आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघणार, 'बघ, मी म्हणत होतो.'

तिनं नुसतं लिहिलं, 'अम्मी, लई सुंदर.'

लगेच उत्तर आलं, 'छापून पण झाल्या. बिलालचा दोस्त बार्शीला येतोय, त्याच्या हाती पाठवल्या.'

शाइस्तानं डोळे पुसले आणि बार्शीला आईला फोन लावला.

"मम्मी, मी पोचतेच आहे. पत्रिका येतायत, फार छान झाल्यात. फक्त पाहुण्यांना पत्ता तेवढा तोंडी सांग."